मेबलला अनुमोदन

"सेकंडेड," शशी खाडिलकर म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे महाराष्ट्र मंडळ नव्हे, टाउन कौन्सिल आहे.

मंडळाच्या वार्षिक सभेत ठराव मांडला की शांतता पसरते. मागून बटाटेवड्यांचा वास येत असतो आणि कुणीतरी अनुमोदन दिल्याखेरीज जेवण सुरू होत नाही. गेली वीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे शशी. आता इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या आपल्या गावातून तो कौन्सिलर म्हणून निवडून आला, तर पहिल्याच सभेत तशीच शांतता पडली, मागच्या टेबलावर सँडविचेस मांडलेली होती, आणि त्याचं तोंड सवयीनं उघडलं. ठराव असा होता की ही कौन्सिल स्थानिक पशुपालकांच्या आणि बीफ-उत्पादकांच्या पाठीशी उभी आहे. त्यात निधी नव्हता, नियम नव्हता, नुसतं उभं राहणं होतं. पण जन्मात अंडंही न खाल्लेल्या शशीचं नाव त्याखाली कायमचं लागलं.

वर कौन्सिलच्या क्लार्कनं सांगितलं की अनुमोदक या नात्यानं शनिवारी मिस्टर टकर या पशुपालकाच्या फार्मवर जाऊन फोटो काढायचा आहे. शशीला फोटोची भीती नव्हती, आईची होती. आशाताई एक्क्याऐंशी वर्षांच्या. पहिली पोळी गाईची, हा त्यांचा नेम. इथे दाराशी गाय येत नाही म्हणून पन्नास वर्षं ती पोळी त्या बागेतल्या कबुतरांना घालत आल्या होत्या. शशीनं कौन्सिलचं वार्तापत्र रिसायकलिंगच्या डब्यात अगदी तळाशी दडवलं. संध्याकाळी शेजारीण स्वतःची प्रत घेऊन आशाताईंचं अभिनंदन करून गेली.

"शशी, तू गाईंचं काय सेकंड केलंस?"

"आई, ते सिम्बॉलिक आहे गं. म्हणजे त्यानं काही होत नाही."

"काही होत नाही तर केलंस कशाला?"

शनिवारी आशाताई कोट घालून, फॉइलमध्ये एक पोळी गुंडाळून, त्याच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. आता आई त्या शेतकऱ्याला काय सुनावणार आणि ते छापून कसं येणार, या विचारानं शशी वाटेत दोनदा वळण चुकला.

टकर हा साठीचा, अबोल माणूस. त्यानं गोठ्याचं दार सरकवलं आणि शशी एक पाऊल मागे सरला. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या बासष्ट गाई एकदम मान वळवून त्याच्याकडे पाहू लागल्या. एकेकीचं धूड त्याच्या गाडीएवढं. थंडीत त्यांच्या श्वासांचं धुकं वर चढत होतं, आणि त्या धुक्यात टकर एकेकीची ओळख करून देत होता. बासष्टच्या बासष्ट नावं त्याला पाठ होती. कुणाची आई कोण, कुणाचं वासरू आडवं आलं होतं, कुणाला विजेची भीती वाटते, सगळं. ऑफिसातल्या नऊ जणांची नावं गोंधळणारा शशी थक्क होऊन ऐकत राहिला.

सगळ्यात मोठी मेबल. ती दोन वर्षं भाकड आहे, टकरनं सांगितलं, त्यामुळे गुरुवारी जाईल. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही आणि आशाताईंनी विचारलं नाही. शशी मात्र डोळे मिटून स्फोटाची वाट पाहू लागला.

काहीच झालं नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा मेबल पोळी खात होती. आशाताईंनी तिच्या रुंद कपाळावर तळवा ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मग तो आपल्या कपाळाला लावला. एवढीशी म्हातारी आणि एवढी थोरली गाय, दोघी अगदी स्तब्ध. टकरनं डोक्यावरची टोपी काढली. फोटोग्राफर फोटो काढायचं विसरला. आपण या बाईला घाबरत होतो याची शशीला लाज वाटली.

गुरुवारी दुपारी टकरचा फोन आला. आशाताई कणीक मळत होत्या. त्यांनी कोपरानं खूण करून शशीला स्पीकर लावायला सांगितलं. टकर अडखळत बोलत होता. ट्रेलर आला होता, मेबलचा एक पाय फळीवर पडलाही होता. पण तिला पुढे ढकलायला म्हणून त्यानं तिच्या कपाळाला हात लावला, तो हात तिथेच थांबला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुमच्या ठरावानं माझं काही भलं झालं नाही की वाईट झालं नाही, तो म्हणाला, पण तुमच्या आईंनी माझी विकायची एक गाय कमी केली. आता मेबल मरेपर्यंत गोठ्यातच राहील. फक्त एक सूचना आहे, रविवारी तिचं शेण काढायला एक माणूस लागेल.

स्वयंपाकघरात शांतता पसरली. शशीला ती ओळखीची होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"सेकंडेड," परातीवरून आशाताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी शशी गमबूट घालून, फावडं घेऊन गोठ्यात शिरला. मेबलनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं आधी तिला नमस्कार केला. दाराशी खुर्ची टाकून आशाताई टकरबरोबर चहा पीत होत्या. ठरावात नुसतं उभं राहायचं होतं. इथे वाकावं लागत होतं.

"शशी," आई म्हणाली, "तो कोपरा राहिला बघ."