डॉक्टर स्पिरोव यांची प्रगती

रांगेल मिंचेव्ह दार न वाजवताच लेखिकेच्या खोलीत शिरला आणि उभ्याउभ्याच सांगून मोकळा झाला, की डॉक्टर स्पिरोव आता बदलले पाहिजेत.

सोफियात तयार होणाऱ्या 'अक्रोडाखालचं घर' या मालिकेत तो सोळा वर्षं दातांच्या डॉक्टरचं काम करत होता. प्रत्येक भागात डॉक्टर दारातून आत येत, "कुणाचे दात दुखतायत का?" असं विचारत, कॉफी पीत आणि निघून जात. मालिकेत एक बँक बुडाली, पूर आला, गल्लीतल्या निम्म्या लोकांनी उरलेल्या निम्म्यांशी लग्नं केली आणि मोडली. डॉक्टरांनी कॉफीतली साखरसुद्धा वाढवली नाही.

"झ्लाटका, माझ्या माणसाची काही वाढच होत नाही," तो म्हणाला. "त्याला आतून काहीतरी होऊ दे."

झ्लाटका सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. "आतून?"

"आतून."

"देते," ती म्हणाली आणि साल थुंकली.

मागील भागांत

इथून जाण्याचे मार्ग ठरलेले होते. गोडीगुलाबीने सोडून जाणाऱ्या नटाचं पात्र जर्मनीला जाई. आजारी पडणाऱ्याचं वेलिनग्रादच्या गरम झऱ्यांवर; एक आजी तिथे इतकी वर्षं पाय शेकत होती, की तिचं काम करणारी बाई केव्हाच वारली आहे हे सेटवर कुणी मोठ्याने बोलत नसे. आणि जो काही मागायला येई, तो स्मशानात जाई.

डॉक्टरांची बायको मात्र कुठेच गेली नव्हती. ते काम करणारी नटी एकाएकी दुसऱ्या वाहिनीने पळवली. मग बाई पडदे बदलायला वर गेल्या आणि खाली आल्याच नाहीत. मुलगा जर्मनीहून परतला तो वेगळा चेहरा घेऊन आणि वीतभर उंच होऊन. डॉक्टरांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, दात दुखतायत का.

हे सगळं रांगेलला पाठ होतं. पण एका घरात सोळा वर्षं काढली की माणूस स्वतःला त्या घराची भिंत समजू लागतो.

वाढ

नव्या भागाची पानं आली. डॉक्टर चेरीच्या झाडावरून पडून वारले होते. तेही भाग सुरू होण्याआधीच. भागभर सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. डॉक्टर स्वतः फक्त फोटोत होते, दारावर डकवलेल्या शोकपत्रकावरच्या.

"आतून झालं ना काहीतरी," झ्लाटका म्हणाली. "बरगड्या."

"मला एक वाक्यही नाही?"

"सगळा पडदा तुझा एकट्याचा आहे. इतका मोठा दिसलायस का कधी?"

रांगेल एकसष्ट वर्षांचा होता. बायको नाही, पोर नाही. नाटकवाल्यांनी त्याला फोन करणं केव्हाच सोडलं होतं. डॉक्टर गेले म्हणजे नेमकं कोण उरतं, याचा त्याला विचारही करवेना. तो उठला आणि दोब्रुजातल्या गावी, वडिलांच्या रिकाम्या घरी द्राक्षवेली बांधायला निघून गेला. तिथे फोन लागत नाही. दाढी वाढली. उन्हासाठी त्याने वडिलांची गवती टोपी घातली.

दरम्यान, दारावर

मालिकेचं बाहेरचं चित्रण रांगेलच्याच इमारतीच्या दारात होई. ही सोय त्यानेच पूर्वी करून दिली होती. लोक इतके सरावले होते, की दिव्यांच्या गाड्या आल्या तरी कुणी खिडकीशी येत नसे. त्या दिवशीही मंडळी लवकर येऊन काम उरकून गेली. दिवे नेले, वायरी नेल्या, पुठ्ठ्याचं अक्रोडाचं झाड नेलं. पत्रक तेवढं राहिलं.

ते कुणी काढणार कसं? इथे दारांवर, खांबांवर, झाडांच्या बुंध्यांवर अशी पत्रकं असतातच, आणि ती पावसानेच पडायची असतात. सामान उचलणाऱ्याचा हात तिथवर गेला असेल, पण फोटोतल्या माणसाची नजर पाहून मागे आला असेल. दुसऱ्याच्या दुःखाला हात कसा लावायचा?

पत्रकावर नाव होतं डॉक्टर स्पिरोव. रांगेल मिंचेव्ह नव्हतं. पण रांगेल मिंचेव्ह कोण, हे त्या इमारतीत कुणाला माहीत होतं? त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. त्याच्या घंटीवरही कुणीतरी 'डॉक्टर' असंच लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या स्तोयना आजींनी तर एकदा हलणारी दाढ त्याच्याकडून काढूनच घेतली होती. त्याने खूप सांगून पाहिलं, शेवटी दोऱ्याने ओढली.

तो भाग अजून पडद्यावर यायचा होता. डॉक्टर मात्र जिन्यातही दिसत नव्हते आणि फोनही लागत नव्हता. इमारतीने दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि मयताच्या नावाने वाटायचे गहू भिजत घातले.

पाहुणा

रांगेल परतला तेव्हा दाराशी टेबल मांडलं होतं. त्यावर उकडलेल्या गव्हाची रास, वर पिठीसाखरेचा थर, आणि साखरेवर चंदेरी गोळ्यांनी काढलेली सुबक दाढ. मेणबत्त्या जळत होत्या. स्तोयना आजींनी टोपीवाल्याकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं, आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"जुळा," त्या हळूच म्हणाल्या.

मालिकेत प्रत्येक मयतानंतर त्याचा कुणीतरी हरवलेला भाऊ टोपी घालून येतोच. आजी ती पहिल्या भागापासून पाहत होत्या.

"आजी, मी रांगेल."

"रांगेल का? उशीर केलास बाळा. डॉक्टरांनी तुझं कधी नावही काढलं नाही. जमिनीवरून भांडण होतं का?"

"अहो, मीच तो."

"असं वाटतंच," आजी म्हणाल्या आणि त्याच्या हातात गव्हाची ताटली ठेवली. "रडून घे हवं तर."

त्याचं खरं नाव माहीत असलेला एकच माणूस होता: जिन्याची व्यवस्था पाहणारे गेन्चोकाका. ते असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण गेन्चोकाका खुर्च्या आणायला वर गेले होते.

मग लोक मयताविषयी बोलू लागले आणि रांगेलला पळता येईना. एक म्हणाली, शांत माणूस. दुसऱ्याने सांगितलं, शांत कसला, त्याला बोलायलाच येत नव्हतं. दातांपलीकडे विषयच नाही. रांगेलने मान खाली घालून गहू चावला. चव चांगली होती.

स्तोयना आजींनी राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, थेंब मयतासाठी जमिनीवर सांडला आणि उरलेली घेतली. "त्या गल्लीत सगळं बदललं," त्या म्हणाल्या. "बायका बदलल्या, पोरांचे चेहरे बदलले. माझ्या घरातही तेच. नवरा गेला, लेक कुठे स्टुटगार्टला. पण आठ वाजले की डॉक्टर दारातून आत यायचे आणि तेच विचारायचे. मी गॅसवरचं सूप खाली उतरवून बसायची. म्हणायची, एक तरी आहे जागेवर."

रांगेलने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

गेन्चोकाका

अजून वरच.

गेन्चोकाका, पुन्हा

बगलेत एक खुर्ची घेऊन ते अखेर खाली आले. बायकोने पडदे लावायला धरून ठेवलं होतं. त्यांनी खुर्ची मांडली, त्यावर स्वतःच बसले आणि म्हणाले, "काय रांगेल, गावाहून कधी आलास? वेली कशा आहेत?"

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"हे डॉक्टरच आहेत की," काका म्हणाले.

आजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हो हो, गेन्चो," त्या म्हणाल्या, आणि मग रांगेलकडे वळून, आवाज न उतरवता, "बिचाऱ्याचं वय झालं."

लेखिका

एव्हाना बातमी पसरून वाहिनीच्या दाराशी पुष्पचक्रं येऊ लागली होती, म्हणून झ्लाटका पत्रक काढायला धावत आली. तिने एक कोपरा नखाने उचलला. आजींनी तिचं मनगट धरलं.

"पावसाने पडेल तेव्हा पडेल, बाई. मयताचा भाऊ उभा आहे इथे."

झ्लाटकाने मेणबत्त्या पाहिल्या, साखरेची दाढ पाहिली, आणि टोपीखाली ओळखीचं नाक पाहिलं. ती रांगेलला लिफ्टच्या मागे घेऊन गेली.

"झाड बुटकं होतं म्हणून वाचला, असं करता येईल," ती कुजबुजली. "भाग अजून माझ्या हातात आहे."

"मग कर ना."

तिने बाहेर डोकावून पाहिलं. "जिवंत डॉक्टर हे लोक आता स्वीकारणार नाहीत. यांनी त्याच्या नावाने गहू खाल्लाय." ती थोडी थांबली. "भाऊ मात्र स्वीकारतील. स्वीकारलाच आहे."

"भावाला वाढ असेल?"

"नको म्हणशील इतकी."

पुढे

म्हणून डॉक्टर स्पिरोव गेलेच, आणि दोब्रुजाहून त्यांचा जुळा आला. आजींना तोंडपाठ झालंच होतं, म्हणून त्याचं नाव रांगेलच ठेवलं. रांगेलला सोळा वर्षांत मिळालं नव्हतं ते सगळं मिळालं. तो प्यायला, गायला, बापाच्या थडग्यावर रडला, दवाखान्याची खुर्ची विकून आला, दोनदा प्रेमात पडला आणि दारं आपटली. वर्तमानपत्रात कुणीतरी त्याला थोर म्हटलं.

इमारतीत मात्र त्याच्याशी कुणी धड बोलेना. लिफ्टमध्ये आजी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. "तुझा भाऊ असता तर," एवढंच म्हणत, आणि तिसरा मजला येई.

वाहिनीकडेही तक्रारी गेल्या असाव्यात, कारण झ्लाटका नरमली. भावाने आधी गाणं सोडलं. मग दारू. मग ओरडणं. विकलेली खुर्ची परत आणली. दाढी केली, टोपी काढली, डॉक्टरकीची परीक्षा कशीबशी पास झाला. आणि एका संध्याकाळी तो दारातून आत आला, सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "कुणाचे दात दुखतायत का?", कॉफी प्यायला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. पत्रकाचा शेवटचा तुकडा दारावरून गळून पडला होता. आजी छत्री झटकत लिफ्टमध्ये शिरल्या आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"काल पाहिलं तुला," त्या म्हणाल्या. "काय होतास आणि काय झालास. याला म्हणतात माणूस बदलणं. तुझ्या भावाला हे जन्मात जमलं नाही."