हिरव्या दिव्याची हवा

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर तिच्यावर आपला एवढा विश्वास. पण एखाद्या गावात ती दिसूच लागली, तर तिला ओळख दाखवावी की नाही, याबद्दल जाणत्यांत अजून एकमत नाही.

शिट्टीसरांच्या शाळेने ओळख दाखवायचं ठरवलं. (शिट्टीसर म्हणजे खेळाचे शिक्षक. पाळण्यातलं नाव आता फक्त पगारपत्रकाला आठवतं.) फाटकापाशी हवा मोजायचं यंत्र बसलं. हिरवा दिवा लागला तर पोरं मैदानात, लाल लागला तर वर्गात. पहिल्याच दिवशी लाल लागला आणि तो यंत्राचा स्वभावच ठरला. सरांनी मग वर्गातच व्यायाम सुरू केला: बाकावर बसून धावणे, बाकावर बसून लांब उडी, आणि दमलेल्यांसाठी बाकावर बसून विश्रांती. पोरांची वजनं वाढली. सर्वांगीण विकास म्हणतात तो हाच.

पण क्रीडामहोत्सव तोंडावर आला. मांडव ठरला, पदकं आली, पाहुण्यांचं भाषणही पाठ झालं, आणि दिवा काही ऐकेना. मुख्याध्यापिकाबाईंनी बैठक बोलावली. महोत्सव पुढे ढकलावा, तर पाहुणे रुसतील. हवा सुधारावी, तर तो विषय अभ्यासक्रमाबाहेरचा. राहता राहिलं यंत्र. त्याच्याकडे सहानुभूतीने पाहायचं ठरलं.

सहानुभूती शिट्टीसरांनीच दाखवली. "बाई, एवढं महागाचं यंत्र, धुळीत लटकलंय बिचारं. तुमच्या खोलीत घेऊ या की!"

बाईंच्या खोलीत हवा शुद्ध करणारं दुसरं यंत्र होतंच. (शुद्ध हवेची गरज हुद्द्यानुसार वाढते.) पहिलं यंत्र दुसऱ्याच्या शेजारी टांगलं आणि काय सांगावं, घटकाभरात दिवा हिरवागार! शिपायानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. शाळेची हवा सुधारल्याचं पालकांना कळवण्यात आलं. कोणत्या खोलीची, असं एकानेही विचारलं नाही.

आता सर काही दुष्ट नव्हेत. त्यांची स्वतःची लेक चौथीत होती आणि शर्यतीत धावणार होती. पोटच्या पोरीला कोण धुरात लोटेल?

"अहो, जिना चढली तरी ती छाती धरून बसते," बायको म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

डॉक्टर म्हणाले होते की धावताना मूल नाक सोडून तोंडाने श्वास घेतं, अंगाच्या मानाने मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, आणि वाढत्या फुप्फुसांत शिरलेली घाण मुक्कामालाच राहते.

"वाढत्या वयात सगळंच जास्त लागतं," सर म्हणाले. "आणि दिवा हिरवा आहे ना? मग झालं तर!"

महोत्सवाच्या सकाळी मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. (त्यामुळे शर्यत मोठी वाटली.) पाहुणे तोंडावरची पट्टी न काढता निरोगी पिढीवर बोलले. सरांनी शिट्टी फुंकली. पहिल्या फेरीत लेक सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत तिने तोंड वासलं. तिसऱ्या फेरीत ती गुडघे धरून ओणवी झाली ती उठेचना. शाळेत ती बापाला 'सर' म्हणायची, तसा नियमच होता. आता ती 'बाबा' म्हणाली, तेही अर्धंच.

आपलेच दात, आपलेच ओठ; रडायचं तरी कुणापुढे? पोरीला खांद्यावर टाकून सर दवाखान्याकडे धावत सुटले. तोंडातली शिट्टी काढायचंही भान नव्हतं, ती प्रत्येक श्वासाला वाजत होती. फाटकाबाहेर येतात तो रस्ता गच्च. पोरांना न्यायला आलेल्या पालकांच्या गाड्या, काचा वर, इंजिनं चालू. धूर असा की समोरची गाडी दिसेना.

सरांनी एका काचेवर थापा मारल्या. "अहो, जरा मागे घ्या! आणि ते इंजिन बंद करा हो, पोरीला धाप लागलीय!"

काच दोन बोटं खाली आली.

"बंद कसं करू, सर? एसी बंद पडेल. माझा मुलगा बसलाय आत. बाहेरची हवा बघितलीत का?"

काच वर गेली.

सर गाड्यांच्या फटींतून आडवे होत कसेबसे दवाखान्यात पोचले. लेकीचा श्वास परत आला. सगळा नाही आला. उरलेला येईल का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली, आणि सर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

त्या गाडीवाल्यांना मात्र उगीच नावं ठेवू नका. माणूस भला आहे. प्रदूषणाची त्यांना मनापासून चीड आहे. अशी गोष्ट हाती आली की ते शेवटपर्यंत वाचतात, हळहळतात, चार जणांना पाठवतात. आत्ताही वाचताहेत, फाटकासमोरच, इंजिन चालू ठेवून.

संपलीच आहे गोष्ट. काच तेवढी नीट लावून घ्या हो, धूर येतोय.