आपटेकर सरांचे खिळे

विज्ञानाच्या तासाला आपटेकर सर पोरांना चपलांसारखं पुस्तकही दाराबाहेर ठेवायला लावत. "त्यांनी बघितलं ते त्यांनी लिहिलं. आपण काय बघितलंय?" हे त्यांचं पालुपद.

पनवेलच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. प्रयोगशाळा म्हणजे एक मोडकं कपाट. बाकी सगळा कारभार खाडीच्या पाण्यावर आणि पोरांच्या घरून पळवलेल्या भांड्यांवर. एकदा परातीत खाडीचं पाणी उन्हात ठेवून सर नुसतेच गप्प बसले. शेवटी मिठागरावरचा एक पोरगा ओरडला, "सर, पानी गेला, मीठ हाय!"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोनी नाय. आमी बगितला!"

सरांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी विचारलं, "लोखंड कशाने गंजतं?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "अजून ठरलं नाही, साहेब. सोमवारी सांगतो."

हेडमास्तरांना दरदरून घाम फुटला. खिडकीत तीन पेले होते. एकात कोरडा खिळा, एकात गोड्या पाण्यातला, एकात खाडीच्या पाण्यातला. साहेबांनी पुस्तकातल्या उत्तरावर बोट ठेवलं. सर नम्रपणे म्हणाले, "ते खिळे वेगळे, साहेब. आमचे अजून पाण्यात आहेत."

सोमवारी गंज बघायला मीसुद्धा पोरांच्या रांगेत उभा राहिलो. जन्मभर गंज पाहत आलो होतो, पण असा कधीच पाहिला नव्हता. खरं सांगतो, थक्क झालो.

सर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. बायको लेकीला, रिबेकाला, घेऊन भावाकडे इस्राएलला गेलेली. सरही जाणार होते, पण 'एवढी मॅट्रिकची पोरं पार पडू देत' म्हणत दरवर्षी मागे राहायचे. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "मला विज्ञान मराठीतच येतं हो. तिकडच्या पोरांना काय विचारू?" यंदा मात्र बायकोचा निरोप आला होता: आता या, नाहीतर पोरगी तुम्हाला विसरेल.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. आत खिडक्या बंद, टेबलावर कंदील आणि सरांच्या हातात नारळ. त्यावर चुन्याचे दोन ठिपके. नारळ फिरला, तसा पनवेलचा ठिपका अंधारात गेला. दुसऱ्यावर अजून उजेड होता. सर त्याच्याजवळ वाकले.

"आपल्याकडे दिवे लागतात ना, तेव्हा आमची रिबेका तिकडे उन्हात खेळत असते," ते म्हणाले, आणि नारळ पुढे फिरवायचंच विसरले.

तास संपल्याची घंटा झाली. एकही पोर जागचं हललं नाही.