सुरंगीने न पाठवलेलं पीस

एका जंगलात, जिथे झाडांना कुंपणं नव्हती पण पक्ष्यांना पदव्या होत्या, तिथे सुरंगी नावाची एक धनेशीण राहायची. नवीनच लग्न झालेलं. चोच मोठी, बोलणं कमी.

आता मुलांनो, धनेश पक्ष्यांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. लग्न झालं की नवरी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. नवरा चिखल आणून देतो. ती तो चिखल, फळांचा लगदा आणि (नाकं दाबा) स्वतःची शीट कालवून ढोलीचं दार आतून लिंपून टाकते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. पिल्लं होईपर्यंत ती आत, नवरा बाहेर. तो उंबरं आणतो, ती खाते. संसार सुखाचा होतो.

पण लिंपायला घाई नसते. आधी सासरच्यांकडे चहापाणी, ओळखीपाळखी, उखाणे.

या सासरी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेत नसत. विद्यापीठाचं घेत.

थोरली जाऊ इरावती मान वेळावून म्हणाली,
"उंबराच्या झाडाला फळांची दाटी,
गरुडशिखराचं नाव घेते सासूबाईंसाठी!"

सगळ्यांनी पंख फडफडवले. मग सुरंगीची पाळी आली. ती हळूच म्हणाली,
"बगळा उभा राहतो एका पायावर,
ओढ्याकाठच्या शाळेचं नाव घेते तुमच्या सांगण्यावर."

कुणीतरी खोकलं.

"ओढा? कुठला ओढा?" मामेसासऱ्यांनी विचारलं.

"तो आपला... वळणावरचा."

"हं. उन्हाळ्यात आटतो तो."

सुरंगीला वाटलं, ढोलीत शिरावं आणि फटसुद्धा ठेवू नये. आणि अचानक तिच्या तोंडून निघून गेलं, "गरुडशिखरला मी पीसच पाठवलं नाही ना! पाठवलं असतं तर घेतलंच असतं मला."

त्या जंगलात अर्ज करायचा म्हणजे शेपटीतलं एक पीस उपटून पाठवायचं असे. सुरंगीने ते का पाठवलं नाही, याचं खरं कारण असं की त्या दिवसांत ती ओढ्यात खेकडे पकडत होती आणि गरुडशिखर तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण ते कुणी विचारलं नाही.

"असं होय!" सासूबाई म्हणाल्या. "पाठवायचं की गं एक पीस! काय जात होतं?"

"तेच तर ना!" सुरंगीने उसासा टाकला. उसासा छान जमला.

तेव्हापासून तिचं बस्तान बसलं. कुणी पाहुणं आलं की ती उसासा टाकी. आधी फक्त गरुडशिखरसाठी टाकायची. मग हिमशिखरसाठीही टाकू लागली. पुढे सागरापलीकडच्या एका विद्यापीठासाठी, ज्याचं नाव तिला नीट घेताही येत नव्हतं. इरावतीने जे मिळवलं ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून त्याला माप होतं. सुरंगीने जे मिळवलं नव्हतं त्याला मापच नव्हतं. जंगलात बोलू लागले, धाकटी भारी हुशार.

एके दिवशी इरावतीच तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "तुला म्हणून सांगते हो, मीपण हिमशिखरला पीस पाठवायला हवं होतं. राहून गेलं बघ." आणि दोघींनी मिळून एक लांबलचक उसासा टाकला.

सगळं ठीक चाललं होतं. पण सुरंगीच्या नवऱ्याचा, वसंताचा, एक दोष होता. बायको बोलते ते तो खरं मानायचा.

एका सकाळी तो न सांगता उडाला. दुपारी धापा टाकत परतला.

"अगं, झालं तुझं काम! गरुडशिखरला जाऊन आलो. थोरले गरुड म्हणाले, पीस आत्ता दिलं तरी चालेल. उद्या सकाळी परीक्षा. शिखराला तीन फेऱ्या मारायच्या, मध्ये टेकायचं नाही. तुला काय, डाव्या पंखाचा खेळ!"

सुरंगीने मनात हिशेब मांडला.

तीन फेऱ्या! जमल्या तर ती आणखी एक इरावती होणार. आणि नाही जमल्या तर? मग 'घेतलंच असतं' कुठे ठेवायचं? हिमशिखर गेलं, सागरापलीकडचं गेलं, सासूबाईंचं 'असं होय' गेलं. पुन्हा तो वळणावरचा ओढा, उन्हाळ्यात आटणारा.

"अहो," ती म्हणाली, "चिखल आणा."

"आत्ता? वहिनींनी तर आरामात आठवडाभर लिंपलं होतं."

"आणा म्हणते ना! भरपूर आणा."

बिचाऱ्याने आणला. त्या दुपारी सुरंगीने जे लिंपण केलं, तसं त्या जंगलात आधी कुणी केलं नव्हतं. ऊन उतरायच्या आत फट तेवढी उरली.

सकाळी वसंता दारात. "अगं, चल! परीक्षा!"

आतून आवाज आला, "आता कशी येणार हो? संसार आहे ना."

बातमी पसरली. पाहुण्यांची रीघ लागली. "एवढी गुणाची पोर! गरुडशिखर दारात आलं होतं. पण अडकली ना संसारात!" असं म्हणून प्रत्येक जण वसंताकडे रागाने बघे. मामेसासऱ्यांनी तर त्याला एक टोच मारली.

सगळे गेल्यावर वसंताने उंबर फटीतून आत सरकवलं. मग म्हणाला, "सुरंगी, तू नापास झाली असतीस ना, तरी मी उंबरं आणलीच असती."

"ते मला ठाऊक आहे हो," ती हळूच म्हणाली. "लोकांना नाही ना ठाऊक." आणि फटीतून चोच बाहेर काढून तिने त्याच्या डोक्यावरचं, टोच बसलेलं पीस नीट केलं. "उद्या जरा पिकलेलं बघून आणा."

तात्पर्य: मुलांनो, संधी दारात आली की आधी दार आतून लिंपून घ्यावं, आणि मग ती गेली म्हणून जन्मभर हळहळावं. मिळालेली पदवी लोक तपासून बघतात. न पाठवलेलं पीस कुणीही परत पाठवू शकत नाही. फक्त लग्न मात्र अशाशी करावं, जो टोच खाईल, पण बोलणार नाही.