मामा, खात्री पटवा

वाल्मिक पाटलाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हात लावायचा तर आधी वाल्मिकची परवानगी लागायची, आणि ती खुद्द मालकालाही सहजासहजी मिळत नसे. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये, म्हणजे साड्या रंगवण्याच्या कारखान्यात, तो क्लार्क होता. मध्यंतरी हायवेवरच्याच दुसऱ्या युनिटमध्ये कुणीतरी 'अर्जंट ऑर्डर' नावाची फाईल उघडली आणि तिथला कॉम्प्युटर असा काही कुलूपबंद झाला की रंगांची सगळी प्रमाणं आतच अडकून पडली. आठवडाभर तिथल्या गुलाबी साड्या जांभळ्या निघत होत्या. आपल्या शेठनेही धसका घेतला. त्याने वाल्मिकला कॉम्प्युटर-सुरक्षेच्या एका शिबिराला पाठवलं आणि परत आल्यावर आपल्या गुजरातीत सांगून टाकलं, "वाल्मिकभाई, हवे आ कॉम्प्युटर तमारी जवाबदारी."

शिबिरात वाल्मिक शिकला की साध्या कागदासारखी दिसणारी फाईलसुद्धा पोटात कीड घेऊन येते. ती उघडली की 'मजकूर दाखवण्यासाठी परवानगी द्या' म्हणते, आणि परवानगी दिली की संपलं. म्हणून फाईल ओळखीच्याकडून आली तरी आधी फोन करून विचारायचं. वाल्मिकने यात स्वतःची भर घातली. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, तेव्हा फोनवरचा माणूस खरा की खोटा हे आधी ठरवायचं, आणि त्यासाठी त्या माणसालाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारायचा. हा प्रयोग त्याने शेठवरच केला. शेठ राजकोटहून येताना गाडीतून स्पीकरवर बोलत होता आणि वाल्मिकने विचारलं, ऑफिसच्या चहात तुम्ही साखर किती घेता? शेठने खरं उत्तर दिलं, तीन चमचे. डायबेटीसमुळे त्याची साखर बंद होती आणि शेजारी शेठाणी बसली होती, हे वाल्मिकला नंतर कळलं.

अशा या वाल्मिकच्या ऑफिसच्या स्क्रीनवर एका सकाळी व्हॉट्सॲपवर शिरपूरच्या दगादाजींच्या नंबरावरून फाईल आली. नाव होतं 'लग्नपत्रिका', खाली लिहिलं होतं, 'उघडून आशीर्वाद द्यावेत'. दगादाजी म्हणजे वाल्मिकच्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे यजमान. शिरपूरला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. लग्न त्यांच्या धनश्रीचं होतं, आणि धनश्री हा वाल्मिकचा जीव होता. कॉलेजसाठी ती सुरतेत डिंडोलीला त्याच्याकडेच राहिली होती. वाल्मिकला मुलगी नव्हती, ही उणीव त्या काळात त्याला कधी जाणवली नाही. तिला हाताला धरून मांडवात आपण न्यायचं, मामाचा मान आपला, हे स्वप्न तो तेव्हापासून पाहत होता.

त्याने बायकोला, उज्ज्वलाला, फोन लावला. ती म्हणाली, विचारत काय बसलात, दाजींची पत्रिका उघडली नाही तर ते रुसतील. मग तिला धनश्रीच्या आठवणीने गहिवरून आलं. पोरीला डब्यात रोज माझ्या हातची गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भाजी लागायची, डबा कसा चाटूनपुसून घरी यायचा, हे तिने पुन्हा एकदा सांगितलं. वाल्मिकने नेहमीप्रमाणे 'हो हो' केलं आणि घाईने फोन ठेवला.

पण नियम म्हणजे नियम. त्याने दाजींना फोन केला. फाईलचा विषय काढण्याआधी माणूस खरा आहे हे पाहायला हवं, म्हणून तो म्हणाला, "दाजी, राग मानू नका. फक्त एक सांगा, माझ्या लग्नात तुम्हाला आहेरात काय मिळालं होतं?"

आता सगळ्या खान्देशात दाजींना विचारू नये असा एकच प्रश्न असेल, तर तो हा होता. वाल्मिकच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देताना टोप्या कमी पडल्या आणि नेमक्या थोरल्या जावयाच्या हातात नुसता टॉवेल आला होता. दाजी त्या दिवशी उघड्या डोक्याने जेवले होते आणि पुढे हा विषय कुणी काढायचा नाही, असं घरात ठरलं होतं.

"टॉवेल," दाजी सावकाश म्हणाले. "नुसता टॉवेल. सगळा गाव टोपी घालीसन बठेल व्हता, आन् मी टॉवेल." मग त्यांचा आवाज चढत गेला. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर मला हे उकरून विचारतोस, मेहुण्याची थट्टा करतोस, असं बरंच बोलून ते शेवटी म्हणाले, "धनश्रीले दुसरा मामा पाही लिसूत." आणि फोन बंद झाला. फाईलबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी शोभाताईचा रडत फोन आला. हे ऐकतच नाहीत, कुणा चुलत मामाला बोलवायचं म्हणतात. रात्रभर वाल्मिकच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, धनश्री मांडवात चालली आहे आणि तिचा हात कुणा भलत्याच माणसाच्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात येऊन शिबिर, शेठ, गुलाबी-जांभळ्या साड्या सगळं बाजूला ठेवलं. पत्रिका उघडायची, 'नमुनेदार छपाई' असं कळवायचं आणि दाजींची माफी मागायची, असं त्याने ठरवलं. फाईल उघडली. पान कोरं होतं. वर एक पिवळी पट्टी आणि तिच्यावर बटण, 'मजकूर दाखवण्यासाठी परवानगी द्या'. वाल्मिकने एकदा शेठच्या केबिनकडे पाहिलं, डोळे मिटले आणि बोट माऊसवर ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. उज्ज्वला होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "लवकर घरी या. दाजी आलेत. पत्रिका घेऊन दारात उभे आहेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत."

"मग हे स्क्रीनवर काय आहे?" वाल्मिक म्हणाला, आणि माऊसवरून बोट असं उचललं, जणू चटका बसला असावा. फाईल पुसून, कॉम्प्युटरचं नेट बंद करून तो तसाच निघाला. वाटेत पर्वत पाटियाच्या स्टॉपवर उतरून त्याने एका दुकानात पांढरी टोपी घेतली.

दाजी खरोखरच दारात उभे होते. एका हातात छापील पत्रिका, दुसऱ्या हातात कुंकू-अक्षतांची पुडी. रात्रीच्या बसने आले होते. राग अजून उतरला नव्हता, पण मामाची पत्रिका घरी जाऊन, टिळा लावूनच द्यायची असते, राग असो नाहीतर नसो. "मामाले मी मोबाइलवर पत्रिका धाडसू का?" त्यांनी विचारलं. वाल्मिकने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. दाजींनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली, खिडकीच्या काचेत एकदा पाहिली आणि मग ते आत येऊन बसले.

चहाबरोबर उलगडा झाला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दाजींना कुणा भाऊबंदाची अशीच पत्रिका आली होती. न उघडावी तर त्याला वाईट वाटेल, म्हणून त्यांनी उघडली, दिसतील ती सगळी बटणं दाबली, तेव्हापासून कॉम्प्युटर मुका होता. तीच पत्रिका पुढे त्यांच्या नावाने गावभर गेली होती, आणि नातेवाइकांनी ती मान राखून उघडली होती. बटण न दाबलेला एकटा वाल्मिक निघाला. दाजींनी हे शिरपूरला जाऊन इतक्या अभिमानाने सांगितलं की वाल्मिकची प्रश्न विचारायची रीत साऱ्या घराने उचलली. दुधवाल्यालाही त्याने खात्री पटवल्याशिवाय कुणी पातेलं देईना.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त जवळ आला तसा वाल्मिक फेटा बांधून नवरीला आणायला गेला. मागे करा-दिवा घेऊन उज्ज्वला होती. खोलीचं दार आतून बंद होतं.

"कोण?" आतून धनश्रीने विचारलं.

"मी मामा."

"कशावरून? खात्री पटवा. मी सुरतेला असताना माझ्या डब्यातली गिलकी कोण खायचं?"

आत मैत्रिणी खिदळल्या. बाहेर वाल्मिकच्या कपाळावर घाम आला. मांडवात भटजी मुहूर्ताची घाई करत होते. मागे उज्ज्वला एकदम शांत झाली होती, आणि तिची शांतता वाल्मिक पुरेपूर ओळखून होता. पण ज्या दिवसाची एवढी वाट पाहिली, तो एका भाजीपायी हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

"मी," तो म्हणाला. "रोज. तुझा डबा मी खायचो, आणि बस स्टॉपवरच्या गाडीवरून तुला गरम लोचो खायला घेऊन द्यायचो."

दार उघडलं. शालूतली धनश्री हसत होती आणि डोळे भरून आले होते. तिने हात पुढे केला. वाल्मिकने तो घट्ट धरला आणि तिला घेऊन मांडवाकडे निघाला, मागे वळून न पाहता.

"चला तुम्ही," मागून उज्ज्वला म्हणाली. "अक्षता पडू द्या आधी. लोचोचं आपण घरी गेल्यावर बघू."