तांबेभाऊ आणि आभाळाची हद्द

आमच्या नाचणे रोडच्या कॉलनीत सकाळी दूध आणायला गेलेला माणूस अर्धा तास परतला नाही, तर त्याला तांबेभाऊंनी गाठलंय असं समजावं. भाऊ फाटकात उभे असतात आणि येणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, "आभाळ कुठे संपतं हो? हद्द कुठली?"

कुणी म्हणालं, शंभर किलोमीटरवर, तरी सुटका नाही. मग तिथे खूण काय? दगड आहे का? कुणी पुरला? शेजारच्या देशाने मान्य केलाय का?

भाऊंनी उभं आयुष्य जमीन मोजण्यात घालवलं. सरकारी मोजणी खात्यात होते, राजापूरपासून दापोलीपर्यंत साखळी ओढत फिरले. भावाभावांत बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की नकाशा उघडून म्हणायचे, "कागदावर एक, जाग्यावर एक." निवृत्त झाले तेव्हा खात्याचं सगळं परत केलं, हे वाक्य तेवढं घरी घेऊन आले. एसटीचं वेळापत्रक असो की हवामानाचा अंदाज, भाऊंचा शेरा तोच.

त्यांची एकुलती मुलगी प्रज्ञा नौदलात गेली आणि घोळाला सुरुवात झाली. लोक विचारायचे, मुलगी बोटीवर असते का? भाऊ म्हणायचे, नाही, ती हेलिकॉप्टर चालवते. मग हवाई दलात का? नाही, नौदलातच. मग पाण्याचा संबंध काय? तर हेलिकॉप्टर बोटीवर उतरतं. म्हणजे बोटीवर असते! इथे भाऊ हताश होऊन माझ्याकडे बघायचे. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून या विषयातलं मला कळतं असा त्यांचा समज. मला काही कळत नव्हतं. पूर्णगडला एकदा होडीत बसल्यावर प्रज्ञाने उलट्या केलेल्या मी पाहिल्या होत्या, त्यामुळे माझा गोंधळ उलट वाढलेला.

पुढे ती नव्या विमानांची चाचणी घेणारी वैमानिक झाली आणि एके दिवशी बातमी आली की अंतराळवीर म्हणून तिची निवड झाली. भाऊ पेपर घेऊन आले आणि ओट्यावर बसले.

"वहिनी, पगार नौदलाचा, काम हवेतलं, आणि आता बदली हवेच्याही वर. तीन खात्यांचा बोजा एका पोरीवर. कागदावर ती नक्की कुठली धरायची?"

कॉलनीने सत्कार ठेवला. बॅनर करणाऱ्याने प्रज्ञाच्या फोटोमागे रॉकेट लावलं आणि खाली, नौदल म्हटल्यावर राहायला नको म्हणून, एक जहाजही लावलं. त्यामुळे रॉकेट जहाजाच्या धुराड्यातून निघाल्यासारखं दिसत होतं. प्रज्ञा परदेशात प्रशिक्षणाला होती, म्हणून शाल भाऊंना. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात आपली रत्नागिरीची कन्या चंद्रावर निघाल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. भाऊ उठले, पाहुण्यांच्या हातातून माईक घेतला आणि शांतपणे म्हणाले, "चंद्र नाय. चंद्राचा गट नंबर वेगळा." आणि खाली बसले.

उड्डाणाच्या दिवशी निम्मी कॉलनी त्यांच्या घरी टीव्हीपुढे होती. भाऊंनी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, बाजूला बायकोचा फोटो होता तोही पुसला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. उलटी मोजणी सुरू झाली तसे सगळे पडद्याकडे बघू लागले आणि भाऊ आमच्या चेहऱ्यांकडे. रॉकेट वर गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढे वाटले. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, वर गेली म्हणजे झालं का? की अजून काही आहे?"

मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

आठवड्याने निरोप आला की प्रज्ञा घरच्यांशी दहा मिनिटं बोलणार, चित्रासकट. भाऊंना मोबाइलवरचं ते जमत नाही म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवत होते. भाऊ म्हणाले, खणातला चष्मा तेवढा द्या.

चष्मा एका लांबट वहीवर होता. ती उचलली तर पान उघडलं. मोजणीखात्याच्या त्या सुबक अक्षरात सगळं लिहिलेलं. यान किती उंचीवरून फिरतं, दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा सूर्योदय. नकाशे आखलेले, खुणा केलेल्या. हद्दीवर तर चार पानं होती, कोण कुठे धरतं आणि का, यासकट. एका ओळीखाली दोन रेघा होत्या: तिथे वर-खाली नाही, झोपायची पिशवी भिंतीला बांधतात.

तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञा दिसली. चेहरा सुजल्यासारखा, केस चारी बाजूंना उभे. तिने विचारलं, "बाबा, जेवलात? गोळी घेतली?"

भाऊ म्हणाले, "घेतली. पण मला एक कळत नाय. तू झोपताना डोकं कुठल्या दिशेला करतेस?"

ती हसली आणि सांगू लागली. पिशवी दाखवली, तिचे पट्टे दाखवले, स्वतः उलटी होऊन दाखवली. भाऊ मध्येच म्हणायचे, "म्हणजे पलंग नाय?" की ती पुन्हा पहिल्यापासून समजवायची. दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. बोलता बोलता चित्र गेलं.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "भाऊ, हे तर तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नौदलात होती तेव्हा फोन यायचा. जेवलात, गोळी घेतली, ठेवते. मिनिटभर. एकदा मी सहज विचारलं, उतरताना खालची बोट हलत असेल ना गं? तर वीस मिनिटं बोलली, वहिनी. कळलं म्हटलं की फोन ठेवतात."

"आणि फाटकात आम्हाला का विचारता?"

"तेवढंच कुणाच्या तरी तोंडून तिचं नाव येतं," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

त्या संध्याकाळी मुंबईहून माझ्या मुलाचा फोन आला. आई, जेवलीस का, बरी आहेस ना. तो ठेवणार एवढ्यात मी म्हटलं, "अरे, तू ऑफिसात नेमकं काय करतोस, ते मला अजून कळलेलं नाही."

"थांब हं," तो म्हणाला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.