सबनीसकाकांचं वाळवण

सबनीसकाका टेपा वाळवतात. म्हणजे अगदी सांडगी मिरच्या वाळवतात तशा, त्याच यंत्रात, त्याच जाळ्यांवर.

यंत्र अलकाकाकूंचं. कॅनडाच्या थंडीत अंगणात वाळवण घालायची सोय नाही, म्हणून काकूंनी हौसेने फूड डिहायड्रेटर आणला होता. काकू गेल्या आणि तो बेसमेंटमध्ये काकांच्या ताब्यात आला. आता त्यात टांझानियाची माणसं वाळत असतात, असं मी म्हणते. काकांना ते आवडत नाही. "माणसं नाही गं. त्यांच्यावरची ओल," ते म्हणतात.

आमचं लंडन म्हणजे ओंटारियोतलं. इथल्या युनिव्हर्सिटीतले एक प्रोफेसर फार पूर्वी किलिमांजारोच्या पायथ्याशी हिंडून लोकांची गाणी, गोष्टी, भांडणंसुद्धा टेपवर भरून आणत. ते वारले आणि त्यांची खोकी लायब्ररीत आली. जुन्या टेपला ओल धरते, ती चिकट होते, आणि तशीच लावली तर तिचे पापुद्रे निघतात. मंद उबेवर वाळवली की काही दिवस नीट वाजते. तेवढ्यात ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, म्हणजे जगभरच्या अभ्यासकांना घरबसल्या ऐकता येते. काका इथल्याच, ओंटारियोतल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. त्याआधी, तरुणपणी, टांझानियात मोशीच्या शाळेत फिजिक्सचे मास्तर. स्वाहिली अजून फाडफाड बोलतात. लायब्ररीतल्या जेनिफरबाईंना लॉटरीच लागली म्हणायची.

पहिलं खोकं परत गेलं तेव्हा मात्र जेनिफरचा घाबराघुबरा फोन आला. "सॅब, द टेप्स स्मेल. इज इट सम केमिकल?"

"हिंग," काका म्हणाले. "नॉट अ केमिकल. व्हेरी गुड फॉर डायजेशन."

त्यानंतर त्यांनी यंत्र घासूनपुसून लख्ख केलं. माझ्या मते वास अजून आहे.

टेप सुरू झाली की काकांच्या घरात घर तापवणारा फर्नेस बंद, फ्रिज बंद, बोलणं बंद. भर जानेवारीत मी त्यांच्या बेसमेंटमध्ये पार्का घालून, टोपी कानावर ओढून बसलेली आहे. एकदा मला शिंक आली तर त्यांनी असं बघितलं, की दुसरी आपोआप जिरली. शेवटी मी चिडून म्हटलं, "काका, आवाज वायरमधून जातोय. खोलीतला त्यात येणारच नाही. मग फर्नेस कशाला बंद?"

"येत नाही, माहितीये मला. पण टेपवरची म्हातारी बोलतेय ना? समोरचं माणूस बोलत असताना आपण भांडी आपटतो का?"

मी टोपी आणखी खाली ओढली.

काकांचा दुसरा रोग म्हणजे 'कुठले'. मी त्यांच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी मूव्हर्स सोफा दारातून तिरका करत होते आणि काका विचारत होते, "देशपांडे? नागपूरच्या? कुठल्या देशपांड्यांपैकी?" सोफा आत जाईपर्यंत त्यांनी माझ्या आत्याच्या सासरपर्यंत मजल मारली होती. आपल्याकडे ही खोड पुष्कळांना असते. काकांनी ती किलिमांजारोला लागू केली. त्यांच्या मते तिकडचे मुशी आणि मासावे हे आपल्या जोशी-कुलकर्ण्यांसारखेच. नुसतं आडनाव सांगून भागत नाही, गाव सांगावं लागतं.

सगळं नीट चाललं होतं. मग शेवटच्या खोक्यातली एक टेप आली. एक बाई गवत कापतानाचं गाणं म्हणते. मध्येच शब्द विसरते, हसते, तीच ओळ पुन्हा धरते. लायब्ररीच्या यादीत तिच्यापुढे एवढंच होतं: अनोळखी स्त्री.

"अनोळखी कुणाला? तिच्या गावाला का? तसं नाही चालायचं!" काका कडाडले.

महिनाअखेरीस सगळ्या टेपा अभ्यासकांसाठी खुल्या व्हायच्या होत्या. जेनिफर म्हणाली, "वी कॅन ऑलवेज अपडेट इट लेटर, सॅब."

"लेटर म्हणजे नेव्हर," काका मला म्हणाले. "एकदा अनोळखी म्हणून छापलं की जन्माची अनोळखी. कोण बघतंय मागून?"

त्यांनी ती टेप इतक्यांदा ऐकली, की मलासुद्धा गाणं पाठ झालं. आणि अगदी शेवटी, गाणं संपल्यावर, लांबून एक पुरुष हाक मारतो ते त्यांनी पकडलं: "मामा आइका!" मामा म्हणजे स्वाहिलीत आई, आणि तिकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. म्हणजे हिला आइका नावाचं मूल होतं. काकांनी आनंदाने फर्नेस चालू केला.

पुढचं काम कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात झालं. काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर ग्रेस मुशी असं नाव होतं.

"मुशी!" काका ओरडले. "कुठले मुशी? किबोशोचे की मचामेचे?"

मागे रांग खोळंबलेली. ग्रेसच्या हातातला कप तसाच राहिला. "किबोशो," ती म्हणाली आणि हसत सुटली. "माय ग्रँडमदर आस्क्स लाइक दॅट!"

जेनिफरची परवानगी काढून ती हाक आणि गाण्याच्या दोन ओळी ग्रेसच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या, तिथून आणखी कुठे कुठे. तीन गावांनी ही बाई आमचीच म्हणून दावा सांगितला. काकांनी प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. महिना सरत आला तसं त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आणि अखेर एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला.

समोर केळीच्या बागेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, खुद्द आइका. चांगली ऐंशीच्या घरातली. इकडे बेसमेंटमध्ये काका, ग्रेस आणि मी. काकांनी गाणं लावलं. म्हातारी स्तब्ध बसून ऐकत होती. तिची आई शब्द विसरली तिथे ती टाळी वाजवून एकदम ओरडली. ग्रेसने सांगितलं, "शी सेज, मदर ऑलवेज फरगॉट दॅट लाइन!" मग आइकाने आईचं नाव सांगितलं. एलिफुराहा मासावे. काकांनी तिथल्या तिथे जेनिफरच्या व्हॉइसमेलवर एकेक अक्षर ठणकावून सांगितलं. रविवार होता, याचं त्यांना काही नाही.

माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात आइकाआजींनी काकांना काहीतरी विचारलं.

"शी इज आस्किंग," ग्रेस हळूच मला म्हणाली, "हू लिव्ह्ज विथ हिम ॲट होम?"

एवढे फाडफाड बोलणारे काका थांबले. मुलगा व्हँकुव्हरला, त्याचा फोन दिवाळीला. मग त्यांनी माझी बाही धरून मला कॅमेऱ्यापुढे ओढलं आणि घाईघाईने काहीतरी बोलले. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काकांना चांगलंच झापलं.

ग्रेस खो खो हसत होती. "सॅब, शी सेज युअर डॉटर इज टू थिन! डोन्ट यू फीड हर?"

मी काकांकडे बघितलं. काकांना नेमकी तेव्हाच टेबलाखालची कुठली तरी वायर तपासायची होती.

मी आजींना हात जोडले. "ग्रेस," म्हटलं, "टेल हर, बाबा कान्ट कुक."

ग्रेसने ते सांगितल्यावर तिकडचं अख्खं अंगण हसायला लागलं. काका मात्र बराच वेळ टेबलाखालून बाहेर आले नाहीत.